डावं अंग

फिटर अण्णा इंजिनाकडे कधी वरून बघत नसत. टेबलावर गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसरा डोळा चाकांच्या उंचीवर आणून त्या वीतभर पत्र्याच्या डिझेल इंजिनाकडे बघत राहायचं. मिनिट, दोन मिनिटं. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मग एकदम पुटपुटायचे, "आलं बघ." मी खोलीत असलो तर माझी नजर नकळत खिडकीकडे जायची. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड, त्यापलीकडे रेल्वेची लाईन. लाईन मोकळी असायची. तरी पायाखालची फरशी हलतेय असं वाटायचं, आणि मी पाय उचलून घ्यायचो.

अण्णा गेल्या श्रावणात गेले. वांबोरीत त्यांना ओळखणारी माणसं पुष्कळ. साखर कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेला, बोलायला तुसडा आणि हातात देव असलेला माणूस, अशी त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर ते 'खेळण्यातली इंजिनं' करत बसतात हेही गावाला माहीत होतं. गावाला जे माहीत नाही ते मला माहीत आहे, आणि बारा वर्षं मी ते बोललो नाही. माझा इथं फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट. मुळात मी कमी बोलणारा. पोटात ही गोष्ट घेऊन बसल्यावर आणखीच कमी बोलू लागलो. आज लिहितोय ते अण्णांच्या मागे राहिलेल्या काकूंना आधी वाचून दाखवलं आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "खरं हाय ना? मग लिव्ह."

'खेळणं' या शब्दाचा अण्णांना राग होता. "खेळनं पोरं मोडत्यात. हे मोडून दाखव." आणि खरंच ते मोडण्यासारखं नसायचं. तुपाच्या डब्याचा पत्रा, छत्रीच्या काड्या, दवाखान्यातून मागून आणलेल्या सुया. सुया कापून त्यांचे एअरब्रेकचे पाईप व्हायचे. पत्र्यावरचं एकेक रिव्हेट ते बोथट दाभणानं मागून टोचून उठवत. काजळी रॉकेलच्या चिमणीवर धरून आणलेली, आणि गंज तर खराच. लाईनीकडेच्या जुन्या लोखंडावरचा खरवडून, वस्त्रगाळ करून, बाटलीत भरून ठेवलेला. खोलीला गंजाचा, गरम लोखंडाचा आणि डिझेलचा वास यायचा. गंजाचा वास मी समजू शकतो. डिझेल त्या खोलीत कधीच नव्हतं.

"इंजिन करतोय म्हनू नये," ते म्हणत, "कंचं इंजिन, ते सांगावं." एकाच जातीची शेकडो इंजिनं लाईनीवर धावतात, पण अण्णांच्या लेखी ती सगळी वेगळी. एकाच्या नाकावर पोचा, एकाच्या छपराला नव्या पत्र्याचं ठिगळ, एकाची एक हेडलाईट दुसरीपेक्षा पिवळी. हे त्यांनी बैलांवरून उचललं होतं. घरची शेती भावाकडे गेली तरी घोडेगावच्या बाजाराला ते नेमानं जात. घ्यायचं काही नाही, नुसतं जनावर बघायला. "उजव्या अंगानं बघून गिऱ्हाईक भुलतंय, आन् डाव्या अंगानं फसतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून इंजिनाची एक बाजू पूर्ण झाली तरी दुसऱ्या बाजूचा फोटो हातात आल्याशिवाय ते पुढं सरकत नसत. अंदाजानं एक खिळाही मारत नसत.

फोटो काढून आणायचं काम माझं. त्यांचा मुलगा संजू माझा वर्गमित्र. त्याच्यामुळे मी त्या घरात शिरलो. माझे फोटो अण्णा आधी वास घेतल्यासारखे नाकाशी धरत. एकदा मी एका फोटोतले तेलाचे ओघळ कॉम्प्युटरवर साफ करून नेले. म्हटलं, जरा उठून दिसेल. फोटो परत माझ्या खिशात खुपसून म्हणाले, "नवरीला गोरी करतोस ती कर. तिच्या सासूला चालतंय. इंजिनाच्या तोंडाला हात लावायचा न्हाई."

आतून काकूंचा आवाज, "अहो, जेवायला येताय का त्या इंजिनाला ताट वाढू?"

"त्याला वाढ. ते तुझ्या भाजीला नावं ठेवनार न्हाई."

इंजिनावर नंबर मात्र ते सगळ्यात शेवटी टाकत. दोन्ही अंगं झाली, तोंड झालं, छप्पर झालं, की आंघोळ करून, एका बैठकीत. नंबर टाकला की तीन-चार दिवसांत तेच इंजिन आमच्या लाईनीवरून जायचं, असं ते म्हणत. मी हसायचो. इंजिनं फिरतीच असतात, कधी ना कधी येणारच. मग एकदा असं झालं, की नंबर टाकून झालेल्या एका इंजिनावर त्यांच्या हातातली कानस पडली आणि पुढची जाळी डाव्या कोपऱ्यात दबली. नंबर जाळीशेजारीच बसलेला; सरळ करताना तो खरवडेल म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. चौथ्या दिवशी मी आणि संजू स्टेशनवर उभे असताना ते इंजिन मालगाडी घेऊन आलं. जाळी डाव्या कोपऱ्यात दबलेली. पोचा नवाकोरा, रंग उडून खालचं लोखंड चमकत होतं. संजू मोठमोठ्यानं हसत सुटला. "अण्णांना आमच्या इंजिनांच्या शेडच्या आसपास फिरकू द्यायला नको!" घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा हसले नाहीत. हात लुंगीला पुसत म्हणाले, "म्या मुद्दाम न्हाई केलं."

संजू रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर होता. बापाचा तुसडेपणा त्याच्यात औषधाला नव्हता. ड्युटीवरून आला की चप्पल काढायच्या आधी अण्णांच्या टेबलाशी जाऊन त्यांची चूक काढणार. त्याचं एक आवडतं इंजिन होतं. त्याचा आवाज म्हणे दुसऱ्यांपेक्षा भरदार. ते अण्णांनी करायला घेतलं. उजवं अंग झालं, तोंड झालं. डाव्या अंगाला नुसता कोरा पत्रा आणि ड्रायव्हरच्या कॅबच्या दाराशी चढताना धरायचा, सगळ्या इंजिनांना सारखाच असणारा उभा दांडा, एवढंच बसलं होतं, कारण डाव्या बाजूचा फोटो नव्हता. संजूनं लकडा लावला, "अण्णा, नंबर टाका की. तुमच्या नंबराला गुण आहे. मला तेच इंजिन मिळेल."

"डावं अंग राहिलंय."

"डावं मागनं करा. नंबर आधी."

अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. पोराच्या हौसेखातर अर्ध्या इंजिनावर नंबर टाकला. दोन दिवसांनी त्या उभ्या दांड्याच्या वरच्या टोकाला दिलेला कथलाचा डाग सुटला आणि दांडा खालच्या टोकावर लोंबायला लागला. पाच मिनिटांचं काम. पण अण्णांना बाजाराला जायचं होतं, टेम्पो दारात उभा होता. आल्यावर बघू म्हणून ते गेले. आल्यावर पाहुणे होते. सोमवारही तसाच गेला. मंगळवारी सकाळी संजू चालत्या इंजिनावरून पडला आणि गेला. इंजिन तेच होतं.

अण्णा त्यानंतर काय समजून बसले हे वेगळं सांगायला नको. चौकशी झाली, 'तोल जाऊन' असं काहीतरी ठरलं. लाईनीवरच्या कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हटलं, दांडा ढिला असेल. तेवढं अण्णांना पुरलं. तेराव्याच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुटल्याला डाग म्या तसाच ठिवला, सुधीर. पाच मिन्टाचं काम हुतं." मी त्यांचा हात धरून उभा राहिलो. बोललो नाही.

मी काय बोललो नाही, ते आता सांगतो.

त्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला संजूचा मला फोन आला होता. "सुध्या, नगरला सिग्नलला उभे आहोत. तेच मिळालंय! अण्णांच्या नंबरानं काम केलं बघ. त्यांना डावं अंग पाहिजे ना? टेकडी फोडलीय त्या कटिंगच्या अलीकडं, डाव्या हाताला उभा राहा. त्यांना बोलू नको, फोटो एकदम हातात देऊ."

मी गेलो. रुळापासून हाकेच्याही आत, बांधावर उभा राहिलो. चढावर मालगाडी हळू येत होती. संजूची जागा कॅबमध्ये उजवीकडे. माझ्यासाठी तो डावीकडच्या दारात आला होता. अण्णांना इंजिन हवं होतं. मला मात्र कॅमेऱ्यातून बघताना माणूस हवासा झाला. लग्नं काढून काढून लागलेली सवय. दाराच्या आत त्याचं तोंड अंधारात होतं. मी हात हलवून ओरडलो, "बाहेर ये! अजून बाहेर!" तो आला. दांड्याला धरून झुकला, आणि मग दांडा सोडून दोन्ही हात वर केले. मी बटण दाबलं.

संजूची एक खोड होती. आपण हात केल्याशिवाय तो आत जायचा नाही, दिसेनासा होईपर्यंत झुकून बघत राहायचा. त्या दिवशी मी हात केला नाही. मी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघत होतो. छान आला होता. डबे समोरून जात राहिले आणि मी फोटो मोठा करून बघत राहिलो. संजू पुढच्या ओढ्याच्या पुलापाशी सापडला. गाडी जिथून दिसेनाशी होते त्या वळणाच्या जरा पुढे. तो कसा पडला हे मी पाहिलेलं नाही. एवढंच माहीत आहे, की मला ते दुपारी दुसऱ्यांकडून कळलं, आणि तोवर मी त्याचं तोंड थोडं उजळ करून ठेवलं होतं.

फोटोत दांडा सरळ होता. वर, खाली, दोन्हीकडे पक्का. तो फोटो अण्णांसमोर ठेवला असता, तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं त्या दिवशीच उतरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, हात का सोडला? बाहेर का आला? समोर कोण होतं? एवढ्या तीन प्रश्नांना मी भ्यालो.

अण्णांनी ते इंजिन तसंच ठेवलं. अर्धं, नंबर टाकलेलं, दांडा लोंबता. गाडी यायच्या आधी तो दांडा पत्र्यावर वाजायचा. टिक, टिक, टिक. गाडीचा आवाज मागून यायचा, हा आधी. काकूंना त्याची इतकी सवय झाली, की दूध गॅसवर असताना टिकटिक सुरू झाली तर त्या म्हणायच्या, "आली गाडी, आता दूध उतू जानार." मला ती सवय झाली नाही. एकदा मी खोलीत एकटाच असताना तो वाजायला लागला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गाडी आली नाही. वाजणं मात्र चालूच होतं, आणि मग कुणी बोट ठेवल्यासारखं थांबलं.

पुढे काकू एकदा दबक्या आवाजात म्हणाल्या, "सुधीर, ते आत बोलतात रे."

"एकटं माणूस बोलतं, काकू."

"बोलू दे की. पन मधी मधी थांबत्यात. ऐकल्यावानी."

दुपारचे तीन वाजले होते. मी दाराशी गेलो. दार लोटलेलं होतं. आतून अण्णांचा आवाज, त्यांना न शोभणारा, मऊ. "तुटल्याला हुता म्हन की. मला राग न्हाई यायचा." मग शांतता. बराच वेळ. "बरं. मग पाय कुठं हुता?" पुन्हा शांतता, पहिल्यापेक्षा छोटी. "व्हय व्हय." आणि मग, अगदी सहज, जेवताना विचारावं तसं, "आन् समोर कोन हुतं?"

मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो. उत्तर ऐकायला थांबलो नाही.

त्यानंतर मी जे केलं, ते मला तेव्हा शहाणपण वाटलं होतं. अण्णांना सोडवायचं, आणि आपणही सुटायचं. त्याच इंजिनाचा उजव्या बाजूचा एक जुना फोटो माझ्याकडे होता. मी तो कॉम्प्युटरवर उलटा केला. उलटे झालेले आकडे पुसून सरळ लिहिले. उजव्या अंगावरचं ठिगळ काढून टाकलं. दांडा होताच, सरळ, चकचकीत. प्रिंट काढून नेली आणि म्हटलं, "अण्णा, एकाकडं सापडला. त्याच सकाळचा, नगर सोडतानाचा. डावं अंग. बघा, दांडा पक्का आहे."

अण्णांनी फोटो नाकाशी धरला. मग भिंग घेतलं. पाठीकडून तोंडाकडे, तसूतसू पुढे सरकत गेले. दांड्यापाशी थांबलेसुद्धा नाहीत. शेवटी भिंग ठेवलं.

"गाडी नगराहून मनमाडाकडं चाललीय?"

"हो."

"म्हंजे डावं अंग मावळतीकडं."

"हो."

"सकाळी नवाला मावळतीकडनं ऊन कसं रं पडलं?"

लग्नाच्या हजारो फोटोंतली ऊन-सावली मी दुरुस्त केली असेल. सूर्य कुठल्या बाजूला आहे हे बघायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "चुकून... चुकून उलटा छापला गेला असेल."

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्यासाठी केलंस. कळतंय मला. खरा फोटू तू बघितलाय. दांडा तुटल्याला दिसतोय त्याच्यात, म्हनून दावत न्हाईस." आणि उठून त्यांनी ते इंजिन उचललं, कोरं डावं अंग भिंतीकडे करून ठेवलं.

म्हणजे मी त्यांना सोडवायला गेलो आणि त्यांच्या मनातली शंका पक्की करून आलो. तिथंच, त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी चहा पिऊन घरी आलो.

वर्षं गेली. मी जात राहिलो; न जाण्याचं धाडस नव्हतं. लाईनीवर खांब उभे राहिले, तारा आल्या, विजेची इंजिनं धावायला लागली. डिझेल इंजिन महिन्या-दोन महिन्यांत एखादं दिसायचं. अण्णा म्हणायचे, "नव्याला वास न्हाई. वास न्हाई ते जनावर येतंय कधी आन् जातंय कधी, कळत न्हाई." त्यांनी दुसरं इंजिन केलंच नाही. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. अण्णांना काचबिंदू होता, कुणाला कळला नाही. एक डोळा गेला होता. दुसऱ्यात नळीतून बघितल्याएवढं दिसत होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, हेही फार दिवस नाही.

मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. वाटलं, आता त्यांना दिसणारच नाही. आता फोटो दाखवायचा प्रश्नच मिटला. हे मनात आलं आणि मी स्टुडिओतल्या आरशात स्वतःला पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो होता तसा, काहीही उजळ न करता, मोठा छापला आणि घेऊन गेलो.

काकू दारात मेथी निवडत होत्या. मी म्हणालो, "काकू, तुम्हीपण आत या." आणि दोघांसमोर, उभ्यानं, सगळं सांगितलं. फोन, बांध, बाहेर ये, अजून बाहेर ये. हात केला नाही तेही. सांगून झाल्यावर अण्णांनी हात पुढं केला. मी फोटो दिला.

ते खिडकीशी उजेडात गेले. भिंग लावलं. आणि मी बघत राहिलो. ते पाठीकडूनच सुरू झाले. बफर. शिडी. रेडिएटरची जाळी. "इथं पत्रा बदललाय व्हय..." त्या नळीएवढ्या नजरेतून इंजिन तुकड्यातुकड्यानं सरकत होतं, आणि संजू सगळ्यात शेवटी येणार होता. काकूंनी तोंडाला पदर लावला. भिंग कॅबच्या दाराशी आलं.

"सरळ हाय," अण्णा म्हणाले.

भिंग दांड्यावरून वरखाली फिरवून पुन्हा, "सरळ हाय की गं." हे काकूंना.

मग भिंग थोडं वर गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे वळूनही न बघता विचारलं, "हसतोय का रं? मला तोंड नीट न्हाई दिसत."

"हसतोय, अण्णा."

मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. घराबाहेर काढतील, काकू तळतळाट देतील, याची तयारी करून आलो होतो. काकू उठून आत गेल्या, एवढंच. अण्णांनी फोटो टेबलावर ठेवला, त्याच्या कडा हातानं सरळ केल्या आणि म्हणाले, "उद्यापास्नं ये. डावं अंग राहिलंय."

तीन महिने मी रोज सकाळी गेलो. महिन्याभरात त्यांची नजर पूर्ण गेली. फोटो माझ्यासमोर, इंजिन माझ्या हातात, आणि अण्णा शेजारी खुर्चीवर डोळे मिटून. मी फोटोत बघून सांगायचं, त्यांनी कसं करायचं ते सांगायचं.

"वरच्या रांगंला रिव्हेटची टिंबं किती?"

"चौदा."

"पुन्हा मोज."

"...पंधरा."

"नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्या मोजतोस का? नीट बघ."

काकू चहा दोघांचा आणत. माझ्याशी त्या पहिला महिनाभर बोलल्या नाहीत; कप मात्र कधी चुकवला नाही. पुढं एकदा कप ठेवताना म्हणाल्या, "साखर कमी घालते आता तुला. पोट सुटलंय." मी मान खाली घालून काम करत राहिलो.

कधी कधी अण्णा माझ्या आधी बोलत. मी अजून फोटोत शोधतच असायचो आणि ते म्हणायचे, "तिथं टाकीच्या खाली वंगनाचा ओघळ हाय. दोन जागी फुटल्याला." मी भिंग लावून बघायचो. असायचा. दोन जागी फुटलेला. भिंग लावलं होतं तेव्हा बघितला असेल, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "न्हाई. संजूनं सांगितला." केव्हा सांगितला, हे न विचारता मी ओघळ रंगवायला घेतला. हे काम चालू असताना तो लोंबता दांडा वाजायचाच. डिझेल नसलं, तारा आल्या, तरी वाजायचाच. त्याला मी हात लावायला गेलो तेव्हा अण्णांनी माझं मनगट धरलं. "ते माझं हाय." आणि त्यांनी ते स्वतः केलं. दिसत नसताना डाग द्यायची तापलेली सळई डाव्या हाताच्या बोटाशी नेमून, बोट भाजून घेत, डाग दिला. ओढून बघितला. पक्का. त्या खोलीत त्यानंतर तो आवाज कधी आला नाही. मला तो थांबलेला जास्त ऐकू येतो.

आषाढातल्या एका सकाळी डावं अंग संपलं. मी इंजिन त्यांच्या समोर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात लुंगीला पुसले आणि बोटांनी बघायला सुरुवात केली. पाठीकडून. प्रत्येक टिंब, प्रत्येक ठिगळ. दोन ठिकाणी थांबले, नख लावून बघितलं, पुढं गेले. दांड्यावरून बोट वरखाली फिरवलं.

"आता त्यो कुठं हुता ते दाव."

मी त्यांचं बोट धरलं आणि कॅबच्या दाराबाहेर, पायरीच्या वरच्या पट्टीवर ठेवलं. तिथं काहीच नव्हतं. बोट तिथंच राहिलं.

"आन् तू?"

"मी खाली, बांधावर."

"कितीक फुटांवर?"

"वीस-बावीस असेल."

अण्णांची इंजिनं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, ओठ हलले. मग दुसऱ्या हाताची चार बोटं जुळवून इंजिनाच्या कडेला टेबलावर आडवी ठेवली, आणि ती जिथं संपली तिथं अंगठा टेकवला. एक बोट संजूवर, अंगठा माझ्यावर. मधलं अंतर त्यांनी दोन-तीनदा चाचपून पाहिलं, कुठं चुकलं तर नाही ना अशासारखं.

"लई जवळ हुतास रं," अण्णा म्हणाले.